फाटकापाशी चार पालथी पिंपं

कुश्वा, १७ सप्टेंबर १९९७

फाइना वन्संना कापाचा नमस्कार.

तुमचं पत्र परवाच आलं. उत्तर आज लिहितेय, कारण दोन दिवस हाताचा वास जात नव्हता आणि त्या हाताने कागदाला शिवावंसं वाटेना. बागेतली पिंपं उघडली मी. आर्सेनी गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा, तेव्हा हे काम आता माझ्याच गळ्यात. वरची फळी सरकवली आणि आत डोकावले, तर काय सांगू. शेवाळाची जाड साय, तिच्याखाली बर्चच्या पानांचा कुजका लगदा, आणि त्यात एक चिचुंद्री. कधीची मेलेली कोण जाणे, फुगलेली आणि केस गळलेली. डावाने बाहेर काढली आणि डावही तिच्यामागे फेकून दिला. तुमचा भाऊ माणूस चांगला होता, पण आळशी. दर वर्षी वरवरचं पाणी काढायचा, तळ कधी खरवडला नाही. वर्षानुवर्षांची घाण तशीच आत बसलीय.

तुमची अट मी विसरलेली नाही. येत्या उन्हाळ्यात मी एकटीने वाफे जगवले, तर तुम्ही विकायचा विषय काढणार नाही. नाही जगवले, तर दोघींनी सह्या करायच्या आणि मामंजींनी उभी केलेली जागा परक्याला द्यायची. मान्य आहे मला. पण आपल्या वरच्या आळीला नळ नाही हे तुम्ही जाणता. नदी टेकडीखाली अर्ध्या तासावर, आणि बासष्टाव्या वर्षी दोन बादल्या घेऊन ती चढण मला झेपायची नाही. पन्हळीतून पिंपात पडेल तेवढंच आपलं पाणी. पिंपं गेली की जागा गेली, इतकं सरळ आहे.

म्हणून आर्सेनीच्याच पद्धतीने करणार आहे. तिसरा हिस्सा पाणी काढायचं आणि पिंपाच्या मधोमध बर्चचा ओंडका उभा सोडायचा. पाणी गोठून फुगलं की दाब ओंडक्यावर जातो, पत्रा वाचतो. आणि बर्फाने भरलेलं पिंप कुणाच्या बापाला हलत नाही. गेल्या हिवाळ्यात खालच्या आळीतली रिकामी पिंपं भंगारवाल्यांनी एकूण एक उचलली. माणसं नाहीत, गिधाडं आहेत.

तुमच्या गुडघ्याला कसं आहे ते कळवा.

कापा

•

अनापा, ३० सप्टेंबर

कापा,

तुझं पत्र जेवता जेवता उघडलं ही माझीच चूक. चिचुंद्रीपर्यंत आले आणि ताट बाजूला सारलं. अशा गोष्टी माणसाने स्वतःशी ठेवाव्यात.

गुडघा तसाच आहे. उन्हाळ्याचे भाडेकरू गेले एकदाचे. मोरीच्या जाळीतून त्यांच्या केसांचे बोळे काढतेय आठवडाभर. समुद्र समुद्र म्हणून लोक जीव टाकतात, इथे राहून बघावं. किनाऱ्यावर सडलेलं शेवाळ, वर माश्या. खिडकी उघडायची सोय नाही.

आता कामाचं. तो ओंडक्याचा खुळचटपणा अजिबात करू नकोस. दोन वर्षं वाचेल, तिसऱ्या वर्षी पत्रा उभा फाटेल आणि मग बसशील कपाळाला हात लावून. आमचे बाबा गोठण सुरू व्हायच्या आधी सगळं कोरडं करायचे. चारही पिंपं तळापर्यंत उपस, खरवड, उन्हात वाळव आणि विटांवर पालथी घाल. न्हाणीघराच्या मागे नको, तिथे कोण बघतंय? फाटकापाशी ठेव, गल्लीच्या बाजूला. येरेमेई रखवालदाराची फेरी तिथूनच असते, त्याच्या डोळ्यांसमोर राहतील. तो पंधरा वर्षं आपल्या वसाहतीची राखण करतोय, त्याच्यावर तरी विश्वास ठेवशील ना?

अर्धी जागा माझी आहे. एका गोष्टीत माझं ऐकलंस तर तुझं काही बिघडणार नाही.

फाइना

•

कुश्वा, १४ ऑक्टोबर

वन्संना नमस्कार.

काल पहाटे पहिला कडाका पडला. कोबीच्या पानांना हात लावला तर काचेसारखी मोडली. बटाटे वेळेवर निघाले, तळघरात गेलेही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे फाटकापाशी, गल्लीच्या बाजूला, विटांवर चार पिंपं पालथी घातली आहेत. बाहेरून डांबराचा हातही फिरवला, लांबून नवी दिसतात. ते करताना कमरेचं जे व्हायचं ते झालंच. न्हाणीघराच्या बाकावर दोन दिवस पालथी पडून होते, पिंपासारखीच.

येरेमेई येऊन बघून गेला. एकदा नाही, दोनदा. म्हणाला, "व्वा, कापितोलिना येगोरोव्ना, झकास काम केलंत." दाढीला कांद्याचा वास, आणि हसताना नजर माझ्याकडे नाही, पिंपांकडे. एरवी हा माणूस फेरी म्हणजे आपल्या खोपटातून चुलीपर्यंत आणि परत. एवढा कामसू कधीपासून झाला?

काकडीचं बी राखून ठेवलंय, पुढच्या वर्षासाठी.

कापा

•

अनापा, ९ नोव्हेंबर

प्रिय कापा,

फार वाईट वाटलं. एवढं राबून, कंबर मोडून तू पिंपं स्वच्छ केलीस आणि चोरांनी चारही नेली. काय दिवस आलेत. माणसाला कुणाचं काही वाटेनासं झालंय.

पण झालं ते झालं. मी काय म्हणते, हा इशारा समज. पिंपांशिवाय उन्हाळ्यात तू पाणी आणणार कुठून? नवी मिळणं कठीण, मिळाली तरी वर नेणार कोण? तू मनाची समजूत घाल. येकातेरिनबुर्गचं एक कुटुंब जागेसाठी विचारतंय, चांगली माणसं आहेत. त्यांना विहीर खणायची ताकद आहे. कागद मी तयार करून पाठवते, तू फक्त सही कर. मग हवं तर इकडे ये. माझ्याकडची मागची खोली हिवाळाभर रिकामी असते. चिखलात हात घालायची गरज पडणार नाही तुला.

स्वतःला दोष देऊ नकोस.

तुझी
फाइना

•

कुश्वा, २२ नोव्हेंबर

फाइना सावेल्येव्ना,

वन्सं लिहिणार होते, पण हात वळला नाही.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग माझ्या आधीच्या पत्रात काय लिहिलं होतं ते आठवून पाहिलं. चोरी झाल्याचं मी तुम्हाला कळवलंच नव्हतं. पिंपं पंचवीस ऑक्टोबरला गेली, आणि त्यानंतर मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं?

उठले आणि तशीच रखवालदाराच्या खोपटात गेले. चुलीवर काहीतरी करपत होतं. येरेमेई मला बघून घाबरेल असं वाटलं होतं. घाबरतोय कसला, उलट माझ्यावरच डाफरला.

"बरं झालं आलीस," म्हणाला. "असं फसवतात का गरिबाला? चार पिंपं घसरगाडीवर घालून स्टेशनपर्यंत ओढली मी. भंगारवाल्याने एकाच्या तळावर बोट दाबलं, ते आरपार गेलं आणि तो हसायला लागला. डांबराखाली तळच नाही. आख्खं गंजून चाळण झालेलं. चारही तशीच. सगळ्यांसमोर शोभा झाली माझी."

"चोरलीस आणि वर तक्रार करतोस?"

"चोरली? तोंड सांभाळून बोल. भेट मिळालीत मला." आणि फळीवरून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. तुमचं अक्षर. "पहिला बर्फ पडला की फाटकापाशी पालथी घातलेली चारही पिंपं तुमची, निम्मी जागा माझी असल्यामुळे मला तो अधिकार आहे, कापाला बोलू नका, काम झालं की तार करा." खाली तुमची सही, तारखेसकट. तारीख ३० सप्टेंबर. मला पत्र लिहिलंत त्याच दिवशी, बहुधा त्याच शाईने.

वाचून काय झालं सांगू? राग नाही आला. किळस आली. पिंपात हात घातला होता तेव्हा आली होती तशीच. बाहेर येऊन बर्फाने तोंड धुतलं. चोर भंगार नेतो, त्याला निदान माहीत असतं तो चोर आहे ते. तुम्ही तर "तुझी फाइना" लिहून वर मागची खोली देऊ केलीत.

आता ऐका. फाटकापाशी ठेवलेली पिंपं आपली नव्हतीच. शेजारची म्हातारी अग्निया तीन वर्षांपूर्वी लेकीकडे गेली, तिच्या पडीक जागेतली ती चार गंजकी टरफलं. संशय होता मला. तुमचा नाही, देवाशपथ तुमचा नाही, भंगारवाल्यांचा. रस्त्यावर काहीतरी दिसलं की ते आत शिरत नाहीत. म्हणून डांबर फासून सजवून ठेवली. आणि तुम्हाला नेमकं तेवढंच लिहिलं जेवढं खरं होतं, उगाच वाद नको म्हणून. आपली चार पिंपं न्हाणीघराच्या मागे आहेत तिथेच आहेत, ओंडक्यासकट, दगडासारखी गोठलेली.

कागद पाठवू नका. सही होणार नाही.

कापितोलिना

•

अनापा, २६ डिसेंबर

कापा,

तुझ्या पत्राला महिना झाला. माफी मागायला लिहीत नाही. येरेमेईला मी लिहिलं, हो. तो असा पाघळेल असं वाटलं नव्हतं, पण लिहिलं ते मीच.

तुला वाटतंय मला जागेचा भाव हवाय. मला त्या जागेतली काडीसुद्धा नको आहे. ती जागा नसावी, एवढंच हवंय. परक्याने विकत घ्यावी, नांगरावी, तिथे काहीही करावं.

तुझ्या डोळ्यांसमोर आहेत ती पिंपं. त्याआधी तिथे बाबांनी कारखान्यातून आणलेली लोखंडी टाकी होती, पुरुषभर उंच, अर्धी जमिनीत गाडलेली. ती पालथी करता यायची नाही. म्हणून दर सप्टेंबरला, गोठण सुरू व्हायच्या आधी, तिच्यात कुणीतरी उतरून तळ खरवडायला लागायचा. तोंड अरुंद. बाबा मावत नसत. आर्सेनी माझ्याहून दीड वर्षाने लहान, पण खांद्यांनी रुंद, तोही अडकायचा. मी काडीसारखी होते. बगलेत दोरी बांधून बाबा मला आत सोडायचे, हातात खरवडणी. वरून बादली येई, मी गाळ भरी, बादली वर जाई. सहाव्या वर्षापासून.

मी दहा वर्षांची असताना काम चालू होतं आणि कारखान्याचा भोंगा झाला. बाबा पळाले. जाताना आर्सेनीला म्हणाले, "ही हाक मारेल तेव्हा ओढ." मी हाक मारली. तो मासे धरायला निघून गेला होता. वरून पाऊस लागला. थंड, बर्फाचे कण असलेला. पन्हळ टाकीतच सोडलेली होती. पाणी घोट्याला आलं, मग गुडघ्याला. ती घाण सगळी वर तरंगायला लागली, माझ्या फ्रॉकला चिकटायला लागली. भिंती बुळबुळीत, हात ठरेना. ओरडून आवाज गेला तेव्हा गप्प उभी राहिले, तोंड वर करून, ते तोंडात जाऊ नये म्हणून. अंधार पडायच्या सुमाराला बाबा आले आणि ओढून काढलं. मला बघून काय म्हणाले माहीत आहे? "तळ झाला का पुरा?"

आर्सेनी खिशात सूर्यफुलाच्या बिया घेऊन उभा होता. खात होता.

आज सत्तावन्न वर्षं झाली. मी अजून मोरीच्या जाळीत हात घालताना डोळे मिटते. तू लिहिलंस, शेवाळाची साय, चिचुंद्री. मला ताट सारायला लावलंस ते उगाच नाही. तुला त्या जागेचा लळा आहे ते मला कळतं. पण तू जेव्हा जेव्हा लिहितेस की "मामंजींनी उभी केलेली जागा", तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. मामंजींनी नाही उभी केली. मी आत उभी होते.

फाइना

•

कुश्वा, १९ जानेवारी १९९८

वन्सं,

पत्र घेऊन चुलीपाशी बसले आणि चुलीतला विस्तव विझला तरी उठले नाही.

येरेमेईच्या बाबतीत तुम्ही जे केलंत ते मला अजून गिळता येत नाही, खोटं कशाला बोलू. मला त्या टाकीबद्दल आधी सांगितलं असतंत तर मी काय उत्तर दिलं असतं तेही सांगता येत नाही. कदाचित म्हणाले असते, लहानपणीच्या गोष्टी, सोडून द्या. मीही तशीच आहे.

मामंजींचा फोटो भिंतीवर होता, कोटावर बिल्ले लावलेला. काढून पेटीत टाकला. त्यांच्याकडे बघून घास जात नव्हता. वीस वर्षं त्या माणसाला मी सूप करून वाढलं. "तळ झाला का पुरा" म्हणे.

आणि आर्सेनी. एकतीस वर्षांच्या संसारात त्याने हे एकदाही काढलं नाही. पण एक गोष्ट आठवतेय. आमचं लग्न झालं त्याच वर्षी त्याने ती टाकी जमिनीतून उकरून काढली. एकट्याने, दोन आठवडे खणत होता. मी विचारलं, चांगली टाकी का घालवतोस? म्हणाला, गळते. मग पिंपं आणली आणि ओंडक्याची रीत सुरू केली. त्या रीतीत पिंप कधी रिकामं करावं लागत नाही, म्हणजे कुणाला तळापर्यंत हात घालावा लागत नाही. मी त्याला जन्मभर आळशी म्हटलं. आता वाटतं, त्याला तो तळ बघवत नसावा.

हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. लिहावंसं वाटलं.

पण जागा मी विकणार नाही. बटाटे, कोबी, काकड्या तिथल्या, त्यावर माझा हिवाळा निघतो. दुसरं माझ्याकडे काही नाही, वन्सं.

कापा

•

अनापा, ३ मार्च

कापा,

आर्सेनीच्या ओंडक्याचं कौतुक मला सांगू नकोस. त्याला लाज वाटत होती तर तोंड होतं की त्याला. इथे दर उन्हाळ्यात यायचा, माझ्या हातचे मासे खायचा, काटे ताटाच्या कडेला ओळीने लावायचा. एका शब्दाने बोलला असता. टाकी उकरायला दोन आठवडे मिळाले, बहिणीशी बोलायला तीस वर्षांत पाच मिनिटं नाहीत. अशा पश्चात्तापाचा मला वीट आहे.

सोबत कागद आहे. वकिलासमोर सही केलीय. माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावे. अटबिट काही नाही, उन्हाळ्यात वाफे जगोत की मरोत. येकातेरिनबुर्गच्या माणसांना नाही म्हणून कळवलं. तुझ्यावर उपकार करत नाहीये. माझं नाव त्या जागेवर राहायला नको, एवढाच हेतू. आधीच सुचायला हवं होतं, रखवालदाराच्या पायऱ्या चढायची वेळ आली नसती.

पत्र लिहीत जा. तुझी तब्येत, गावच्या बातम्या, काय ते. पिंपांबद्दल मात्र एक अक्षर नको.

फाइना

•

कुश्वा, ८ जून

वन्संना कापाचा नमस्कार.

कागदाची नोंद झाली. जागा आता माझ्या एकटीच्या नावावर आहे. कचेरीतली बाई म्हणाली, "अभिनंदन, पेढे कुठे आहेत?" मी म्हटलं, नाहीत.

तुम्ही पिंपांबद्दल लिहू नको म्हणालात. लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार? नको असेल तर इथेच फाडून टाका.

एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळला. चारांतलं एक पिंप शिवणीला उभं फाटलं होतं, ओंडका असूनही. तुम्ही तिसऱ्या वर्षी म्हणाला होतात, त्याचं कितवं होतं देव जाणे. बाकीची तीन धड राहिली. मे महिन्यात पाऊस चांगला झाला, तिन्ही काठोकाठ भरली. ज्याच्यासाठी सप्टेंबरपासून जिवाचं रान केलं ते सगळं माझ्यापुढे होतं, आणि मला त्या पाण्यात बादली घालवेना.

फळी सरकवायची, वास यायचा, आणि आत फ्रॉक घातलेली दहा वर्षांची मुलगी तोंड वर करून उभी दिसायची. मी भित्री बाई नाही, पस्तीस वर्षं क्रेन चालवली आहे. पण मी फळी परत लावायची. मग दोन बादल्या घेऊन नदीवर जायचे. बारा दिवस गेले. आळीतल्या बायका हसतात. "कापाचं डोकं फिरलंय, दारात तीन पिंपं भरलेली आणि ही नदी वाहतेय." येरेमेई खोपटाच्या पायरीवर बसून बघत असतो. त्याच्याकडे बघायचीही मला शिसारी येते. त्याला कारण सांगणार होते की काय मी?

तेराव्या दिवशी, म्हणजे काल, कंबर धरली. अंथरुणातून उठले ती भिंतीला धरून. दुपारपर्यंत ऊन इतकं तापलं की काकडीच्या वेलांनी माना टाकल्या. कोबीची रोपं आडवी झाली. नदीवर जाणं शक्यच नव्हतं. तासभर बाकावर बसून त्या वेलांकडे बघत राहिले. वाटलं, जाऊ देत, मरू देत. मग वाटलं, ह्या जागेसाठी कुणाकुणाचं काय काय गेलंय, आणि ती मी उन्हात वाळू देतेय.

उठले आणि बादली घातली. तोंड फिरवून घातली, पण घातली. हातावर ते बुळबुळीत लागलं, दोनदा ओकारी आली. चाळीस बादल्या झाल्या, सगळे वाफे भिजले. संध्याकाळी वेल वर उठलेले होते.

आज पुन्हा घालायची आहे. उद्याही.

कापा